तुळईवरचा माइक

"बंद कर ते," मनोरमाताई म्हणाल्या.

मी गाणं थांबवलं. दुपारचे तीन वाजले होते. कोल्हापुरातला माझा स्टुडिओ म्हणजे एका गोदामामागची खोली. भिंतींना गोधड्यांसारखं जाड कापड लावलेलं, आत पंख्याची घरघरसुद्धा नाही. मनोरमाताई राजोपाध्ये खुर्चीत ताठ बसल्या होत्या. वय बासष्ट, गाणं चाळीस वर्षांचं, आणि त्या गाण्याचं सगळं नाव एकाच गोष्टीवर. त्या आवाज इतका खाली नेत, की सभागृहातले लोक खोकला गिळून बसत.

"हे कोण गातंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, ताई."

"मी नाही. मी हळू गायले तिथे ही बाई कानाशी येऊन ओरडतेय. आणि मी आवाज मोकळा सोडला तिथे हिचा कुणीतरी गळा धरलाय. माझं हळू कुठे गेलं?"

सोफ्यावर कंपनीचे शेटेसाहेब बसले होते. सीडी तेच काढणार होते. ते चटकन म्हणाले, "ताई, आता लोक गाणं बसून ऐकत नाहीत. जीपमध्ये ऐकतात, पिठाच्या गिरणीत ऐकतात. तुमचं हळू त्या आवाजात बुडतं. मग माणूस बटण फिरवून मोठं करतो, तेवढ्यात तुमची तान येते आणि तो दचकून बंदच करतो."

त्यांचंही काही चूक नव्हतं. मी ताईंना समजावलं. कंप्रेसर मोठ्या आवाजाला वरून दाबतो. दाबला की वर जागा होते, मग सगळंच गाणं वर उचलता येतं. मोठं होतं ते तेवढंच राहतं, आणि बारीक होतं ते त्याच्या मांडीला मांडी लावून बसतं.

"म्हणजे खोटं घालतेस."

"नाही ताई. मुळात नाही ते हे यंत्र आणत नाही. आहे तेच पुढे आणतं."

"सगळंच पुढे आलं तर मागे काय उरलं?" त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "रविवारी मला ते हातात देणार आहेत, लोकांसमोर. तोवर बघ काही जमतंय का."

ही दोन हजार तीन सालच्या एप्रिलमधली गोष्ट. बुधवार होता.

गाणं ज्या नाट्यगृहात ध्वनिमुद्रित केलं होतं, ते कोकणात खाडीकाठच्या एका गावात आहे. म्हणजे होतं. गावाचं नाव लिहीत नाही. या गोष्टीतली माणसं अजून आहेत. नाट्यगृहाचं पंचाहत्तरावं वर्ष होतं. त्यासाठी फेब्रुवारीत तीन दिवस ताईंचं गाणं झालं आणि मी ते टिपून आणलं. रविवारी चार वाजता त्याच मंचावर ताईंचा सत्कार, पुन्हा गाणं आणि सीडीचं प्रकाशन.

फेब्रुवारीत मी दोन माइक ताईंसमोर ठेवले होते आणि एक गॅलरीच्या पुढच्या तुळईला शिकंजा आवळून बसवला होता. सभागृहाचा घुमारा, टाळ्या, माणसांची हालचाल हे सगळं त्या तिसऱ्या माइकमध्ये येतं. गाण्याला जागा मिळते त्याच्यामुळे.

ताई गेल्यावर शेटेसाहेब म्हणाले, "केळुसकर, गाण्याचं तुमचं तुम्ही बघा. पण दुसऱ्या गाण्यात मध्येच काहीतरी वाजतंय. कट्ट करून. ते काढा. लोक सीडी खराब म्हणून परत आणतील."

मी हेडफोन लावला. खरंच होतं. टाळ्या विरल्या, ताईंनी पुढचा सूर लावण्याआधी श्वास घेतला, आणि त्या शांततेत: कट्ट. वाळकी काडी मोडावी तसं. कंप्रेसर बंद करून ऐकलं तर काही नाही. नुसती शांतता. चालू केला, की पुन्हा कट्ट.

असले आवाज काढणं माझं रोजचंच काम. कुणाची अंगठी पेटीवर आपटते, कुणाची खुर्ची करकरते. मी एक काढला. मग दुसरा सापडला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत मी मान वर न करता ते वेचत होते. तांदळातले खडे वेचावेत तसे काढत होते आणि मनात एवढंच, की डाग राहता कामा नये.

गुरुवारी सकाळी पहिल्यांदा शंका आली. मी कुठल्या दिवसाचे किती काढले ते पाहिलं. पहिल्या दिवसाच्या गाण्यात तीन. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी सव्वीस. आणि एकूण एक आवाज टाळ्यांनंतरचा. टाळ्यांच्या आधी एकही नाही. दोन माइकांवर तो नव्हताच. फक्त तुळईवरच्या माइकमध्ये होता.

माझ्या स्टुडिओचं लाकूडकाम मारुती सुतारांनी केलं होतं. त्यांची वखार पलीकडच्याच गल्लीत. मी त्यांना बोलावून आणलं, हेडफोन दिला, काही न सांगता तिसऱ्या दिवसाचा तुकडा लावला. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला.

"कुनाचं घर हाय हे?"

"घर नाही. नाट्यगृह आहे. गॅलरीची तुळई."

"माणसं बसत्यात वर?"

"दीडशे तरी."

मारुतीमामांनी कपाळ चोळलं. "ताई, लाकूड एकदम मोडत न्हाई. आधी बोलतंय. आणि साग लई उशिरा बोलतो. त्यो बोलाय लागला म्हंजे आत काय ऱ्हायलं न्हाई. टेकू लावा म्हणावं, आजच्या आज. आणि वर कुनी जाऊ नगा."

मी लगेच फोन लावला. नाट्यगृहाचे चिटणीस म्हणजे खातू सर. हायस्कुलातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, पांढरा सदरा, बारीक आवाज. ते नाट्यगृह त्यांच्या वडिलांनी आणि आणखी चौघांनी उभं केलं होतं. सर त्याची फरशीसुद्धा कुणाला पुसू देत नसत, स्वतः पुसत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टेपवर ऐकून तुळईची तपासणी? हे नवीनच ऐकतोय. मार्चमध्ये सरकारी इंजिनीअर येऊन दाखला देऊन गेले, बाई."

"त्यांनी आत पाहिलं का, सर?"

"पाहिलं असेलच. या तुम्ही रविवारी. पेढे खायला या."

मी शनिवारीच गेले. सकाळची एसटी पकडून दुपारी पोचले. खातू सर दारातच होते, हार-तोरणांची मापं घेत. मी माझं यंत्र आत मांडलं आणि नाट्यगृहाच्याच स्पीकरवर त्यांना दोन्ही ऐकवलं. आधी कंप्रेसर लावलेलं. रिकाम्या सभागृहात तो आवाज चहूकडून आला. कट्ट. थोड्या वेळानं पुन्हा, कट्ट. तोरण लावणारी दोन माणसं थांबून वर बघायला लागली.

सरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी विचारलं, "हे मूळ आहे?"

"मुळातलंच आहे. पण दबलेलं होतं, मी वर काढलं."

"मूळ जसंच्या तसं लावा."

मी लावलं. टाळ्या, श्वास, शांतता. काहीही नाही.

"मी तिन्ही दिवस या सभागृहात होतो," सर म्हणाले. "माझे कान शाबूत आहेत. मला काही ऐकू आलं नाही. मुळात नाही, यंत्रातून काढल्यावर आहे. राईचा पर्वत करायचंच मशीन दिसतंय हे तुमचं."

"सर, पर्वत मी केला. राई खरी आहे ना?"

ते जिना चढून वर गेले. मी मागोमाग. गॅलरीच्या मधोमध उभे राहून त्यांनी चप्पल काढली आणि टाच तीनदा आपटली. धप्, धप्, धप्. "ऐका. पंचाहत्तर वर्षं."

मी तुळईचं टोक भिंतीत शिरत होतं तिथे गेले. ताजा चॉकलेटी ऑइलपेंट, आरशासारखा तुकतुकीत. बोटानं वाजवून पाहिलं. मधल्या भागात तुळई घट्ट वाजली. टोकाशी आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा आला.

"तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे? एकदाच टोचून बघते."

"हात लावू नका," सर म्हणाले. ते माझ्या आणि तुळईच्या मध्ये येऊन उभे राहिले. "परवाच रंग दिलाय. उद्या मंत्री येतायत. बाई, तुम्हाला कळतंय का, गॅलरी बंद केली तर उद्यापासून गाव काय म्हणेल? खातूनं रंग फासला आणि आत सडकं ठेवलं, असं म्हणेल. मी काय उत्तर देऊ?"

त्यांना माझं पटलं नव्हतं असं नाही, हे मला तेव्हाच जाणवलं. त्यांना ते पटून घ्यायचं नव्हतं.

मी तडक ताई उतरल्या होत्या त्या घरी गेले. ताई ओटीवर तंबोरा पुसत होत्या. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. सव्वीसच्या सव्वीस ऐकवले.

"त्या दिवशी म्हणालीस ते खरं ना?" त्यांनी विचारलं. "मुळात नाही ते हे यंत्र आणत नाही?"

"खरं आहे, ताई."

"मी खाली हळू गात होते आणि माझ्या डोक्यावर हे चाललं होतं." त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली. "खातूंना बोलव. म्हणावं, गॅलरीत एक माणूस बसला तरी मी गाणार नाही. आणि गॅलरीखालच्या रांगाही रिकाम्या. त्या लोकांना माझ्या मागे मंचावर बसवा, अंगणात कर्णा लावून बसवा, काय वाटेल ते करा."

खातू सर आले, उभ्या उभ्या ऐकून घेतलं, एवढंच म्हणाले, "तुमचा शब्द." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

रविवारी गॅलरीच्या जिन्याला दोर बांधला होता. खालच्या शेवटच्या रांगांतल्या खुर्च्या उचलून अंगणात मांडल्या होत्या. लोक कुरकुरत होते. "काय, बाईंनी गॅलरी बंद पाडली म्हणे टेप लावून," असं कुणीतरी मला ऐकू जाईलसं बोललं. मंत्री आले, बोलले, सीडीचं नुसतं वेष्टन ताईंच्या हातात देऊन गेले. मंचाच्या कडेला मी माझं यंत्र मांडलं होतं. तिन्ही माइक चालू होते, तुळईवरचासुद्धा. पण गॅलरी रिकामी, तेव्हा मी त्याच्याकडे कान दिला नाही. तो नुसता टिपत होता. हेडफोनमध्ये मी ताईंचेच दोन माइक ठेवले होते. हे मी नंतर फार वेळा आठवलंय.

मध्यंतरानंतर ताईंनी ते गाणं सुरू केलं, ज्यात त्या आवाज अगदी तळाला नेतात. बाहेर उन्हं उतरत होती. अंगणातले लोकही उठून खिडक्यांशी आले. सभागृहात एवढी शांतता झाली, की तंबोऱ्याची तार थांबताना कळावी.

एकदा मला वाटलं, वर काहीतरी हललं. मी मान वर केली. गॅलरीत अंधार होता. कठड्यापाशी पांढरा सदरा दिसला. खातू सर. मला राग आला. मनात म्हटलं, आता हा माणूस वर जाऊन सगळ्यांना दाखवून देतोय की बघा, मी उभा आहे, काही होत नाही.

ताईंचा शेवटचा सूर संपला. क्षणभर काहीच नाही. मग टाळ्या.

आवाज टाळ्यांत बुडाला. मी फक्त पाहिलं. गॅलरीचं उजवं टोक, बैल गुडघे टेकतो तसं, आधी थोडं खाली बसलं आणि मग सगळं भिंतीपासून सुटून आलं. टाळ्या चालूच होत्या, पुढच्या लोकांना मागचं कळलं नव्हतं. मग धूळ आली. मग किंकाळ्या.

खाली कुणी नव्हतं. उडालेल्या लाकडांनी एका गवंड्याच्या पायाला लागलं, एका बाईचं डोकं फुटलं, पण जीव वाचले. एकच गेला. खातू सर.

चौकशी झाली. तुळईचं भिंतीतलं टोक वाळवीनं भुसा केलं होतं. वरची बोटभर साल आणि तिच्यावर रंग, एवढंच उरलं होतं. मी जबाब दिला, रविवारच्या मूळ टेपची प्रत दिली. ज्यांनी ती ऐकली त्यांना टाळ्यांशिवाय काही मिळालं नाही. गाव म्हणालं, मास्तर हट्टापायी गेला. मीही तेच धरून चालले. ती टेप मी कपाटात टाकली आणि पुन्हा लावली नाही. ताईंची सीडी नंतर ताईंच्या मनासारखी निघाली, न दाबता. शेटेसाहेबांनी एका शब्दानं हुज्जत घातली नाही.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी स्टुडिओचं दार वाजलं. बाहेर साठीच्या एक बाई उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी. एसटीनं एकट्याच आल्या होत्या.

"मी शालिनी खातू. सरांची बायको."

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरला, प्याल्या नाहीत.

"गावात सगळे म्हणतात ते खरं असेल," त्या म्हणाल्या. "हट्टी होतेच ते. पण आदल्या रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, शालिनी, ती मुलगी खरं बोलतेय असं वाटतं. मग तो माणूस दाखवायला म्हणून वर कशाला जाईल? तुझ्या त्या माइकनं काही ऐकलं असेल तर मला ऐकव."

"काकू, शेवटी त्यात..."

"मला माहीत आहे शेवटी काय आहे. त्याच्या आधीचं ऐकव."

मी तुळईवरच्या माइकचा ट्रॅक काढला. बाकीचे दोन बंद केले. कंप्रेसर लावला आणि होता तितका दाबला, याआधी कुठल्याच गाण्याला दाबला नव्हता इतका. ताईंचा दुरून येणारा आवाज चेपून पातळ झाला. त्याच्याखालून खरखर वर आली, खिडकीबाहेरचे कावळे आले, आणि मग अगदी जवळून एक कुजबूज.

"अहो, उठा. इथे बसू नका." खातू सरांचा बारीक आवाज.

कुणी पुरुष म्हणाला, "मास्तर, खाली जागा नाय. वाडीतनं चालत इलो. गप बसलोंव ना कोपऱ्यात."

"किती जण आहात?"

"आठ. दोन बायका आसत."

कट्ट.

"ऐकलंत?" सर म्हणाले. "गप्प. ऐका." आणि पुन्हा, कट्ट. "हे बघा, घाबरायचं नाही. एकेकानं उठायचं. चप्पल हातात घ्या. पाय आपटू नका. मागच्या जिन्यानं, भिंतीकडून. वहिनी, तुम्ही आधी. हात द्या."

कपड्यांची सळसळ. अनवाणी पावलं. सर मोजत होते. "एक. दोन. सावकाश. खाली गाणं चाललंय, आवाज नको. तीन." मध्येच कट्ट, कट्ट. "चार. माझ्याकडे बघू नका, पायाकडे बघा." ताई तळाच्या सुरावर होत्या. "सात. तुम्ही आठवे ना? जा. मी आलोच."

मग त्यांचा श्वास. माइकच्या अगदी जवळ. त्यांनी बहुधा तुळईवर हात ठेवला होता. आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं: "टाळ्या नका वाजवू रे. जरा थांबा. अजून—"

मी तिथे थांबवलं.

काकूंनी पेला टेबलावर ठेवला.

"ते आठ जण," मी म्हटलं, "चौकशीत आलेच नाहीत."

"कसे येतील? दोर ओलांडून चढले होते. भ्याले असतील." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पण परत लाव ते. आणि हे तुझं काय असेल ते काढ."

"काय काढू?"

"त्यांचा आवाज एवढा मोठा नव्हता गं कधी. जसा होता तसा लाव."

"काकू, तसं काही ऐकू येणार नाही. नुसतं गाणं येईल."

"लाव तू."

मी कंप्रेसर काढला. दुरून ताईंचं गाणं आलं, तळाला गेलेलं, आणि त्याच्याखाली माझ्या कानांना शांततेखेरीज काही लागलं नाही. काकू उठल्या. स्पीकरपाशी गेल्या, वाकल्या आणि जाळीला कान लावला. खोलीत आम्ही दोघी, आणि ते हळू गाणं.

थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलायला लागले. एक. दोन. मग थोडं थांबून, तीन.